माळ रिकामा नव्हता

बेलूरच्या माळाला आता माळ म्हणायचं ते जुन्या सवयीनं. धारवाडहून बेळगावच्या रस्त्याला लागलं की हायकोर्टाचं खंडपीठ, 'वाल्मी' या पाणी-जमीन व्यवस्थापन संस्थेचं आवार आणि मग औद्योगिक वसाहतीची फाटकं एकामागून एक येत राहतात. टाटांच्या कारखान्यात बसगाड्या तयार होतात. पुणे-बंगळूर हमरस्त्यावर रात्रंदिवस ट्रकांची रीघ असते. पोटापाण्याच्या गोष्टी आहेत या. बेलूर, मुम्मिगट्टी आणि आसपासच्या गावांतली कितीतरी घरं त्यांच्यावर चालतात, आणि त्यांच्याविरुद्ध मला काही लिहायचं नाही. मला लिहायचंय ते या सगळ्याच्या आधी इथे जे होतं त्याबद्दल. कारण कुणालाही विचारा, उत्तर एकच येतं: आधी इथे काही नव्हतं.

इथे माळ होता. पश्चिमेला दांडेलीचं जंगल, तिथे धनेश. पूर्वेला नवलगुंदच्या अंगाला काळं रान, डोळा पोचेल तिथवर सपाट. धारवाड या दोहोंच्या शिवेवर बसलेलं गाव. पश्चिमेच्या मलनाडचा पाऊस इथवर येता येता ओसरतो, आणि पूर्वेच्या बयलुसीमेचा कोरडेपणाही इथे पुरता सुरू झालेला नसतो. अशा जागी मुरमाड जमिनीवर गवत मालक असतं. पवन्या, मारवेल, कुसळ. जूनमध्ये हिरवं, दसऱ्याला तांबूस, संक्रांतीला पिवळं, आणि चैत्रात असं वाळलेलं की चालताना धोतराला आणि लुगड्याला कुसळं चिकटून घरापर्यंत यावीत. झाडं तुरळक, एखादी बाभळ, एखादी बोर, बांधावर लिंब. लांबून पाहणाऱ्याला ते ओसाड दिसतं. त्यात उकिडवं बसून पाहावं लागतं.

उकिडवं बसलं की पहिल्यांदा टिटवी ओरडते. ती ओरडते म्हणजे जवळपास तिची चार अंडी आहेत. खडीत, उघड्यावर, काडीचंही घरटं नाही. अंडी खड्यांच्याच रंगाची, त्यांच्यावर मातकट काळे ठिपके, टोकं आत वळवून मांडलेली. पाऊलभर अंतरावरूनही ती दिसत नाहीत. डोंबारी चंडोलाचा नर तेवढ्यात समोरून सरळ वर चढतो, पंख मिटून खाली झेपावतो, जमीन टेकायच्या आत पुन्हा वर उसळतो, आणि प्रत्येक झेपेला एक लांब बारीक शीळ घालतो. मुठीत मावेल एवढा पक्षी. पोट काळं, पाठ मातीची. मादीला तो दाखवत असतो की ही हात-दोन हात जमीन माझी आहे. पाऊस सरला की उत्तरेकडून भोवत्या येतात. लांब पंखांचे हे शिकारी पक्षी गवताच्या शेंड्यांवरून अगदी खालून तरंगत जातात, डोकं खाली घालून, आवाज न करता. मध्य आशियातल्या गवताळ प्रदेशात त्यांची वीण होते आणि थंडी ते आपल्याकडे काढतात. हजारो किलोमीटर उडून ते ज्याच्यासाठी येतात तो हा माळ. त्याला आपण काही नाही म्हणतो.

सरकारी कागदांत माळाला आजवर बरी नावं मिळाली नाहीत. पडीक, खराबा, नापीक. कर्नाटकात गावाच्या चराऊ जमिनीला गोमाळ म्हणतात, त्यातल्या त्यात त्या नावाला गाईचा तरी आधार आहे. पण रस्ता, वसाहत, विद्यापीठ, सौरऊर्जेचा प्रकल्प, कचऱ्याचा डेपो, काहीही आणायचं ठरलं की नकाशावर पहिलं बोट याच जमिनीवर पडतं. जंगल तोडायचं तर परवानगी लागते, निदान बोंब तरी होते. माळ मोडताना हरकत घ्यायलाच कुणी नसतं. चंडोलाचं नाव पहाणीपत्रकावर कधी चढलं नाही.

पूर्वीच्या लोकांना मात्र ही जमीन रिकामी वाटली नव्हती. १८२४ साली कित्तूरच्या लढाईत कलेक्टर थॅकरे मारला गेला तेव्हा चन्नम्मा राणीच्या माणसांच्या हाती जे दोन तरुण इंग्रज अधिकारी सापडले, त्यांतला वॉल्टर एलियट पुढे याच भागात राहून इथल्या रानातल्या सस्तन प्राण्यांची नोंद करत बसला. १८३९ साली त्याची यादी छापून आली, 'दक्षिण मराठा मुलखा'तल्या प्राण्यांची. पुढे १८८१ मध्ये बटलर नावाच्या लष्करी अधिकाऱ्यानं दख्खन आणि दक्षिण मराठा मुलखातल्या पक्ष्यांची यादी ह्यूमच्या 'स्ट्रे फेदर्स' या पक्ष्यांवरच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. परके लोक होते, बंदूक घेऊन फिरणारे होते, पण माळावर कोण राहतं हे त्यांनी लिहून ठेवलं. आपण वारसांनी ते वाचलं नाही.

त्या रहिवाशांत सर्वांत मोठा माळढोक. गुडघ्याच्या वर येणाऱ्या गवतातून मान ताठ ठेवून चालणारा, नर पंधरा किलोपर्यंत भरणारा, उडू शकणाऱ्या पक्ष्यांत जगातल्या सर्वांत जड पक्ष्यांपैकी एक. वर्षाला साधारण एकच अंडं घालतो, तेही उघड्या जमिनीवर. विणीच्या दिवसांत नर गळ्याखालची पिशवी फुगवून जमिनीला टेकेपर्यंत लोंबवतो, शेपटी पाठीवर आणतो आणि खोल घुमणारा हुंकार देतो. तो हुंकार वाऱ्यावर अर्धा किलोमीटर जातो. अहमदनगरच्या बाजूला रॉबर्ट मॅन्सफील्ड नावाच्या एका शिकाऱ्यानं १८०९ ते १८२९ या काळात ९६१ माळढोक मारल्याची नोंद आहे. हा आकडा मी वाचतो तेव्हा मला शिकाऱ्यापेक्षा माळ दिसतो. एका माणसाला वीस वर्षं पुरून उरावेत इतके पक्षी ज्या गवतात राहत होते, ते गवत केवढं असेल!

रानेबेन्नूर १९९७ पर्यंत धारवाड जिल्ह्यातच होतं. हावेरी जिल्हा त्यानंतरचा. तिथे काळविटांसाठी १९७४ साली अभयारण्य झालं आणि त्या माळावर माळढोकही होते. मग काय झालं? गोळ्या घालणारा मॅन्सफील्ड तिथे कुणी नव्हता. तिथे झाडं लावली गेली. गवताळ जमिनीवर निलगिरीच्या रांगाच्या रांगा उभ्या राहिल्या. ज्यांनी लावल्या त्यांचा हेतू चांगलाच असणार. उजाड जागा हिरवी करायची होती. पण माळढोकाला दूरवर मोकळं दिसावं लागतं. कोल्हा कुठून येतोय, माणूस कुठून येतोय, मादी कुठे उभी आहे, हे त्याला मान वर करून पाहायचं असतं. निलगिरीच्या दाटीत त्याचा माळच नाहीसा झाला आणि तो तिथून गेला. झाड लावणं सगळीकडे पुण्याचं नसतं, हे आपल्याला शाळेत कुणी शिकवलं नाही. वृक्षारोपणाच्या प्रत्येक सप्ताहात, हातात रोप आणि समोर गवताचा तुकडा असं छायाचित्र पाहिलं की मला रानेबेन्नूर आठवतं.

सोलापूरची गोष्ट आणखी जड आहे. नान्नजच्या माळावर माळढोक आहेत हे १९७२च्या दुष्काळाच्या सुमारास पक्षिनिरीक्षक बी. एस. कुलकर्णी यांनी जगापुढे आणलं. १९७९ साली अभयारण्य जाहीर झालं, तेही ८,४९६ चौरस किलोमीटरचं. त्यात गावं आली, शेतं आली, बाजारपेठा आल्या, रस्ते आले. नकाशावर पक्ष्याला अख्खा मुलूख दिला, आणि जमिनीवर त्याच्यासाठी राखलेले गवताचे तुकडे विखुरलेले आणि लहान. शेतकऱ्याला मात्र जमिनीच्या व्यवहारात अडचणी आल्या, आणि लोकांचा राग पक्ष्यावर निघाला. त्याचा यात काय दोष? पुढे अभयारण्याची हद्द १,२२२ चौरस किलोमीटरवर आणली. तोवर उशीर झाला होता. अलीकडच्या गणनांमध्ये नान्नजला एखाददुसरा पक्षी दिसतो. कर्नाटकात बळ्ळारीच्या सिरुगुप्प्याकडे काळ्या रानात थोडे उरले आहेत. दख्खनचा माळढोक म्हणजे आता एवढंच.

आणि तारा. माळढोकाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना. बाजूचं त्याला लांबवर दिसतं, समोरचं कमी. जड शरीर घेऊन तो उडतो आणि समोरची विजेची तार दिसेपर्यंत वळायला वेळ उरत नाही. राजस्थानात, जिथे या पक्ष्याची शेवटची मोठी वस्ती आहे, तिथे तारांचा हा धोका सर्वांत घातक ठरला आहे. सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२१ मध्ये त्या भागातल्या तारा जमिनीखालून न्यायला सांगितलं, मार्च २०२४ मध्ये तो आदेश सैल करून तज्ज्ञांची समिती नेमली. सौरऊर्जा हवी, पवनऊर्जा हवी, हे मलाही कळतं. हवामान बिघडतंय ते पक्ष्यांनाही भोवणारच आहे. पण स्वच्छ ऊर्जेची वाट बरोबर त्याच जमिनीवरून का जाते, तर तीही कुणाच्या तरी लेखी रिकामी आहे म्हणून.

बेलूरच्या तारांवर मात्र एक पक्षी निर्धास्त बसतो. पाऊस सरला की नीलपंख दिसू लागतो. बसलेला असताना मातकट, कुणाचं लक्ष जाऊ नये असा. मग खाली गवतात नाकतोडा हलतो, तो तारेवरून सुटतो, आणि एका क्षणात दोन निळे उलगडतात, एक आकाशाचा आणि एक शाईचा. कर्नाटकाचा हा राज्यपक्षी. दसऱ्याला याचं दर्शन शुभ मानतात. पूर्वी काही ठिकाणी त्यासाठी त्याला पकडून पिंजऱ्यात घालून दारोदार फिरवायचे, आणि त्या शुभाच्या हव्यासानं कितीतरी पक्षी मेले. 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' हा देशभरातल्या पक्षिनिरीक्षकांच्या नोंदींवर उभा राहिलेला अहवाल २०२३ साली आला. ज्या ३३८ जातींचा दीर्घ काळाचा कल सांगता आला, त्यांतल्या ६० टक्के जाती उतरणीला लागल्या आहेत. नीलपंखही त्यांत आहे. ज्याला आपण साधा, नेहमीचा म्हणतो तो.

गिधाडांचं तेच झालं. तीही नेहमीचीच होती.

बेलूरच्या पुढे मेंढ्या घेऊन बसलेल्या एका म्हाताऱ्या कुरुबर अज्जांना मी विचारलं होतं, इकडे गिधाडं असायची का. ते म्हणाले, "असायची म्हणजे? बैल मेला की आम्ही वर बघायचो. आभाळात एक ठिपका दिसायचा. मग दहा. कुठून यायची कळायचं नाही. आमचं ओझं त्यांनी उचललेलं असायचं." मग थोडं थांबून, "आता इल्ल री," नाहीत हो, एवढंच. आणि काठीनं मेंढ्या वळवल्या.

गावाबाहेर मेलेली जनावरं टाकायची जागा ज्यांनी लहानपणी पाहिली आहे त्यांना ते दृश्य विसरता येत नाही. कातडं सोललेलं जनावर. सोलण्याचं ते काम जातीनं ज्यांच्यावर लादलं होतं ती माणसं बाजूला उभी. आणि वरून उतरणारी गिधाडं. उतरताना त्यांच्या पिसांतून वारा सुसाटत जायचा, तो आवाज खाली ऐकू यायचा. पंख पसरून एकमेकांवर चालून जाणं, चिरकणं, लांब उघड्या माना आत घालणं. बघायला सुंदर नव्हतं. पण तासाभरात तिथे हाडं राहायची, कोरडी, बिनवासाची. गिधाडाच्या जठरातलं आम्ल इतकं तीव्र असतं की फाशीसारख्या, म्हणजे अँथ्रॅक्ससारख्या, रोगाचे जंतूही त्यात टिकत नाहीत. रोग त्याच्या पोटात जाऊन संपायचा. गावाचं आरोग्य कोण सांभाळत होतं, याचा कुणी कधी पगार काढला नाही, म्हणून कुणाला कळलं नाही.

१९८०च्या दशकात भारतात सुमारे ४ कोटी गिधाडं असावीत असा अंदाज सांगतात. १९९०च्या दशकात ती मरू लागली. मान छातीवर टाकून फांदीवर दिवसेंदिवस बसून राहायची आणि मग खाली पडायची. मेलेल्या गिधाडाचं पोट उघडलं तर काळजावर, यकृतावर खडूचा लेप दिल्यासारखा पांढरा थर. युरिक आम्ल होतं ते. मूत्रपिंडं निकामी झाल्याची खूण. साथ असेल असं आधी वाटलं. २००४ साली पाकिस्तानात काम करणाऱ्या संशोधकांनी 'नेचर'मध्ये कारण छापलं: डायक्लोफिनॅक. सुजेवर, दुखण्यावर द्यायचं औषध. पेटंट संपल्यावर ते स्वस्त झालं आणि गुरांना सर्रास टोचलं जाऊ लागलं. दुखऱ्या बैलाला दिलासा द्यावा म्हणून, मायेनंच टोचलेलं. बैल मेला तर ते त्याच्या मांसात उरायचं, आणि त्या मांसावर उतरलेला अख्खा थवा काही दिवसांत संपायचा. पांढऱ्या पाठीचं गिधाड १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत ९९.९ टक्के नाहीसं झालं. हजारात एक उरलं. पक्ष्यांच्या ज्ञात इतिहासात इतक्या वेगानं उतरणीला लागलेल्या जाती फार थोड्या आहेत.

२००६ साली गुरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली. मेलॉक्सिकॅम हा गिधाडांना न बाधणारा पर्याय उपलब्ध होता. २०२३ मध्ये अ‍ॅसिक्लोफिनॅक आणि किटोप्रोफेनवरही बंदी आली. हरियाणात पिंजोरला गिधाडांचं प्रजनन केंद्र चालतं. कर्नाटकात रामनगरच्या रामदेवर बेट्टावर २०१२ पासून गिधाडांचं अभयारण्य आहे. हे सगळं झालं ते चांगलं झालं. पण मधल्या वर्षांत जे घडलं त्याचा हिशेब अलीकडेच मांडला गेला. इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ साली दाखवून दिलं, की ज्या जिल्ह्यांत पूर्वी गिधाडं मुबलक होती तिथे ती गेल्यावर माणसांचा मृत्युदर चार टक्क्यांहून अधिक वाढला. २००० ते २००५ या काळात सुमारे ५ लाख माणसं अशी मेली जी एरवी कदाचित मेली नसती. कुजणारी जनावरं उघड्यावर पडली, ओढ्यात गेली, पाणी नासलं. भटकी कुत्री वाढली आणि त्यांच्याबरोबर रेबीज.

पाच लाख. यांतल्या एकाच्याही मृत्यूच्या दाखल्यावर गिधाडाचा उल्लेख नसेल. कुणी अतिसारानं गेला असेल, कुणी तापानं, कुठलं तरी लेकरू कुत्रं चावून. त्या घरांत आजही माहीत नसेल की आपलं माणूस आणि तो कुरूप, बोडक्या मानेचा पक्षी यांच्यामध्ये एक धागा होता. पक्षी का हवेत, असा प्रश्न कुणी मला केला की मी या लेकराकडे बोट दाखवतो. सौंदर्याचं मी नंतर बोलतो.

शेतातही हाच धागा. ज्वारी जेव्हा धारवाडच्या रानात मुख्य पीक होती तेव्हा भोरड्यांचे थवे हुरड्यावर उतरायचे, शेतकरी माळ्यावर उभा राहून गोफण फिरवायचा, आणि तरी चार कणसं पाखरांची धरलेली असायची. आता सोयाबीन आणि मका आला, गोफण गेली. भोरडी कणसं खाते हे सगळ्यांना दिसायचं, नाकतोडे आणि टोळ खाते हे थोड्यांना. कोतवाल म्हशीच्या पाठीवर बसून तिच्या खुरांनी उडवलेले किडे टिपतो. पिंगळा आणि गव्हाणी घुबड रात्री उंदरांच्या मागे असतात. धारवाडच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवणारे जी. ए. कुलकर्णी आपल्या काही कथासंग्रहांना नावं देत गेले ती 'पारवा', 'हिरवे रावे', 'पिंगळावेळ' अशी. त्या गावात पक्षी माणसाच्या किती जवळ राहत असतील! बेंद्र्यांनी तर याच गावात काळालाच पक्षी केलं. घरी मराठी, कवितेत कन्नड असलेल्या या कवीची ती कविता इथल्या जुन्या माणसांना तोंडपाठ आहे.

आपल्या लोकांनी पक्ष्यावर टाकलेली जबाबदारी लहान नाही. दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही तर घरातली थोरली माणसं हात जोडून उभी राहतात, गेलेल्याची राहिलेली इच्छा मोठ्यानं बोलून दाखवतात, मुलीचं लग्न लावून देऊ, घर विकणार नाही, असं वचन देतात. मेलेल्या माणसाशी शेवटचं बोलणं आपण एका रानटी पक्ष्याच्या मार्फत करतो. पाळलेला पक्षी तिथे चालत नाही. तो आपल्या मर्जीनं आला पाहिजे, म्हणूनच त्याच्या येण्याला अर्थ असतो. ज्ञानेश्वरांनी पाहुण्याची वाट पाहताना कावळ्यालाच शकुन विचारला. पावश्यानं पेरणीची हाक दिली, चातकानं पावसाची आशा धरली, टिटवीनं रात्री भय घातलं. हे सगळे वन्य पक्षी आहेत, आपल्या हाताखाली न येता आपल्या घरात वावरलेले. यांतला एकेक जाईल तसं आपल्या मनाला बोलायला एकेक माणूस कमी होईल. मी हे अलंकार म्हणून लिहीत नाही. मला खरंच तसं होताना दिसतंय.

मारुती चितमपल्ली १८ जून २०२५ रोजी गेले, त्यांच्या सोलापुरात, माळढोकाच्या गावाजवळ. वनखात्यात उभं आयुष्य काढलेला हा माणूस आदिवासींकडून, पारध्यांकडून पक्षी शिकत राहिला आणि ते सगळं मराठीत आणून ठेवलं. त्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या जाण्यानं वर्तमानपत्रांत अग्रलेख आले, आणि ते यायलाच हवे होते. पण त्यांच्या पुस्तकांत जे पक्षी आहेत त्यांच्यासाठी अग्रलेख येत नाहीत. तणमोर विदर्भात अकोला-वाशीमच्या गवतात पावसाळ्यात येतो, गवतातून दिवसाला शेकडो वेळा उंच उडी मारतो, फक्त मादीला दिसावं म्हणून. देशात आता ते काहीशेच उरलेत. तो गेला तर ती बातमी कुठल्या पानावर येईल?

बेलूरला अजून काही उरलं आहे. वसाहतीत न बांधलेल्या भूखंडांवर, दोन कुंपणांच्या मधल्या पट्ट्यावर, हमरस्त्याच्या कडेला जिथे गवत कापलेलं नाही, तिथे टिटवी अजून अंडी घालते. चंडोल अजून वर चढतो. पावसाळा संपेपर्यंत ते गवत राहू दिलं, खडीचे ट्रक मार्चनंतर तिथे उलटले नाहीत, तर तेवढ्यानंही पिलं निघतात. गोमाळ वाटून टाकण्याआधी एकदा तिथे सकाळी जाऊन मोजणी करता येते. धारवाडमध्ये कृषी विद्यापीठ आहे, कर्नाटक विद्यापीठ आहे, पक्षी ओळखणारी तरुण मुलं आहेत.

आणि माळढोकाचंही सगळं संपलेलं नाही. जैसलमेरजवळच्या सम इथे २०१९ पासून थरमधली रानातली अंडी आणून उबवली जातात. ऑक्टोबर २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पहिलं पिलू जन्मलं. तिथे आता कितीतरी पक्षी आहेत, माणसाच्या हातून खाणारे, कुंपणात वाढलेले. त्यांची पिल्लं कधीतरी मोकळी सोडायची आहेत. थरमध्ये सोडतीलच. दख्खनमध्ये कुठे सोडणार, हे मात्र आतापासून ठरवावं लागेल, कारण गवत एका वर्षात तयार होत नाही. नान्नज आहे. सिरुगुप्प्याचं काळं रान आहे, तिथला शेतकरी ज्वारी-हरभरा घेत राहिला आणि त्याला त्याचं मोल मिळालं तर. आणि रानेबेन्नूर आहे. काळवीट तिथे अजून आहेत. निलगिरी माणसानं लावली होती, माणसाला ती काढताही येते.